माया

निळा डबा कागदाचा, पिवळा प्लॅस्टिकचा.
कात्रीसाठी कुठलाच रंग नेमलेला नाही.
भाचा लेशेक एकेक वस्तू उचलून विचारतो, "मावशी, हे?"
मी मान हलवते, कधी होकाराची, कधी नुसतीच.

नव्या घराला लिफ्ट आहे, दोन खिडक्या आहेत.
कापड पसरून बेतावं एवढी जागा नाही.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी आता काय बेतायचं,
असं त्या घराचंही म्हणणं असावं.

आधी गेलं गिरणीचं सगळं: बिल्ला, निळा झगा,
पंचवीस वर्षांच्या नोकरीचं घड्याळ,
जे पंचवीस दिवस चाललं.
गिरणीच कुठे राहिलीय. वूचमध्ये आता तिथे
सरकते जिने आहेत, आणि कुठूनतरी शिवून आलेले कोट.

मग हुकांवरचे साचे. राखाडी पुठ्ठ्याच्या बायका,
खांद्याशी भोक पाडून टांगलेल्या.
प्रत्येकीच्या पाठीवर माझ्या पेन्सिलीनं नाव, साल, आकडे.
तेओदोरा, एकाहत्तर: कंबर चौसष्ट.
तेओदोरा, एकोणऐंशी: कंबर त्र्याहत्तर.
तेओदोरा, अठ्ठ्याऐंशी: छातीपुढे आकडा
फक्त उजवीकडचा.
त्या दिवशी तिनं आरशाकडे पाठ केली होती
आणि मी टेप गळ्यात अडकवून
बटणांच्या भावाबद्दल बोलत राहिले होते.

"फाडून टाक," मी म्हटलं. पुठ्ठा फाटेना.
लेशेकनं गुडघ्यावर घेऊन मोडला,
नेमका कंबरेत.

गिरणीत साहेब ओरडायचा: "कापड सरकारचं आहे, लुत्सिना,
शिवणीत एक सेंटिमीटर. वर एक दोरा नको."
तिथे मी एकच सोडला. मापात पाप नाही केलं.
पण घरी, रात्री, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली
दोन बोटं माया ठेवायचे.
बाई भरते, वाळते,
पोर होतं, पोर जातं,
कोट बिचारीला एकच असतो.

तीनला बेल वाजली. तेओदोराची नात, माल्विना.
हातात कोट. "आजीचा आहे. मला खांद्यात दाटतो.
तुम्ही अजून करता का?"
मशीन मंगळवारीच गेलं होतं.
दोन माणसांनी प्रत्येक मजल्यावर टेकवत नेलं,
म्हाताऱ्या पाहुण्याला पोचवावं तसं.
खडू सापडेना. चष्मा कुठल्याशा खोक्यात.
"करते," मी म्हटलं.

कोट उलटा केला, अस्तर उसवलं.
डाव्या बाजूला कापसाची एक घडी हाताला लागली,
बारीक टाक्यांनी शिवलेली. मीच विसरले होते.
"हे काय?"
"तिथे थंडी लागायची तिला."
पोरीनं पुढे विचारलं नाही. शहाणी आहे.

खांद्याची शिवण सोडली.
बाहेरून कोट वाळल्या गवताचा झालेला,
आणि आत, शिवणीच्या पोटात, दोन बोटं हिरवा.
ताग्यावरून कापला त्या दिवशीचा हिरवा,
एकही हिवाळा न पाहिलेला.

"रंग जुळणार नाही ना?"
"नाही. पट्टा दिसेल."
तिनं बोट फिरवलं त्यावरून. "दिसू दे."

टेपही गेला होता, म्हणून वितीनं मोजलं.
माझी वीत वीस भरायची.
आता किती भरते, कुणी पाहिलेलं नाही.

लेशेक दारात उभा, पिशवीचं तोंड उघडं धरून.
"मावशी, कात्री?"
ती माझ्या अंगठ्यात होती.
तिथलं हाड आत गेलंय, तिच्याच घाटाचं.
"थांब जरा," मी म्हटलं,
"बाही राहिलीय."